शहर फिरायला जायचंय? आधी बुटांचं बघा

तिकीट कन्फर्म झालं ना, मग त्याच आठवड्यात बूट घ्या. आमच्या घरातून नाहीतर गल्लीतून कोणीही मुंबई, जयपूर, दिल्ली-आग्रा, अमृतसर असं कुठंही निघालं की मी हेच सांगते, कारण आपल्याकडे होतं काय की आठ दिवस आधीपासून दशम्या, शेव-चिवडा, लोणचं, पोरांचे कपडे, चार्जर सगळ्याची यादी होते आणि बूट मात्र निघायच्या दिवशी संध्याकाळी फुले मार्केटातून घाईघाईत आणले जातात, तेच घालून माणूस रात्रीच्या गाडीत चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत टाचेला फोड. पुढचे चार दिवस बाकीचे किल्ला बघतात आणि तो माणूस खाली बाकड्यावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, एवढे पैसे नि सुट्ट्या घालून गेलेलं असतं.

हे सगळं त्यांच्यासाठी लिहितेय जे एरवी वर्षभर चपलेत असतात, शाळा-कॉलेज सुटल्यावर बूट फारसे घातले नाहीत आणि आता पहिल्यांदाच मोठ्या शहरात चार-सहा दिवस पायी फिरणार आहेत. मी जळगावची, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

किती चालणार आहात ते आधी बघा

घरी आपण कोपऱ्यावर दूध आणायलाही गाडी काढतो, शहरात ते जमत नाही. मुंबईचंच घ्या, सीएसएमटीला उतरलं की ती दगडी इमारत बघायची, मग तिथून फ्लोरा फाउंटन, पुढे काळा घोडा, म्युझियम आणि शेवटी गेटवे, हे मॅपवर अडीच-तीन किलोमीटरच दिसतं. पण त्यात म्युझियममध्ये दोन तास उभं राहणं आलं, रस्ता ओलांडायला मागं-पुढं जाणं आलं, गेटवेवरून बोटीने घारापुरीला गेलात तर वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आल्या, परत येऊन संध्याकाळी मरीन ड्राइव्ह हवाच असतो तोही तीनेक किलोमीटर. दिवसाचे १२-१५ किलोमीटर सहज होतात, म्हणजे १८-२० हजार पावलं. आणि चालण्यापेक्षा उभं राहण्याने पाय जास्त दुखतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, चालताना पोटरीचे स्नायू हलतात, रक्त वर जात राहतं, लायनीत तासभर उभं राहिलं की ते मंदावतं आणि पाय सुजायला लागतात.

मोबाईलमध्ये पावलं मोजायची सोय असते, आता रोज किती होतात ते एक आठवडा बघा. चार-पाच हजार होत असतील तर सहलीत एकदम चौपट होणार आहेत. बूट त्या चौपटीसाठी घ्यायचे आहेत, दुकानातल्या दोन मिनिटांच्या फेरीसाठी नाही.

आपला पाय चपलेत वाढलेला आहे

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, त्यात बंद बूट कोण घालणार, त्यामुळे लहानपणापासून आपण चपलेत नाहीतर अनवाणी. अशा पायाची बोटं मोकळी राहतात, चवडा पुढून रुंद असतो, टाच मात्र तेवढी रुंद नसते. आणि बाजारातले बरेचसे बूट यूके मापाचे, त्यांचा साचा पुढून निमुळता.

चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, सीएलआरआय म्हणतात तिला, त्यांनी २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली थ्रीडी स्कॅनरने, त्यात हेच निघालं की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरी रुंद असतात आणि म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात. त्यावरून त्यांनी भारतीय पायांसाठी ‘भा’ नावाची वेगळी मापंही सुचवली.

तर मोठा नंबर घेतल्याने होतं काय ते बघा. यूके मापात एक नंबर वाढला की लांबी जवळजवळ साडेआठ मिलीमीटर वाढते, रुंदी मात्र त्या मानाने फारच थोडी. म्हणजे करंगळीचा दाब जरासा कमी झाला पण टाच आत वर-खाली व्हायला लागली, आणि टाचेचे फोड येतात ते या घासण्यानेच. उतारावर किंवा जिना उतरताना पाय पुढं सरकतो, अंगठ्याचं नख बुटाला आपटतं, दोन दिवसांत नख काळं पडतं. त्यामुळे पुढून आवळत असेल तर नंबर वाढवायचा नाही, रुंद साच्याचा बूट मागायचा. दुकानात ‘वाइड फिट’ म्हणून विचारा, स्पोर्ट शूजच्या डब्यावर किंवा आतल्या लेबलवर पुरुषांसाठी २ई, ४ई असं लिहिलेलं असतं, ४ई जास्त रुंद, बायकांच्या बुटात डी असलं तरी तो रुंद समजतात. सगळ्या दुकानात हे मिळत नाही हे खरंय, मग निदान दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर घालून बघा, प्रत्येकाचा साचा वेगळा असतो. बायकांना अजून एक सोपा मार्ग आहे, पुरुषांच्या सेक्शनमधला तेवढ्याच लांबीचा बूट घ्या, तो साच्यानेच जरा रुंद असतो, रंग काळा-राखाडी मिळाला तर मिळाला.

घरी माप कसं घ्यायचं

संध्याकाळी घ्यायचं, सकाळी नाही. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सहलीत तर जास्तच फुगणार आहे. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभे राहा, पूर्ण वजन त्याच पायावर टाका, बसून घेतलेलं माप कमी येतं. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटाच्या टोकाला खूण करायला सांगा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कितीतरी जणांचं शेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा करा. दुसऱ्या पायाचंही तसंच. दोन्ही पाय बहुतेक सारखे नसतातच, जो मोठा असेल त्याच्या मापाने बूट घ्यायचा.

हे सेंटीमीटरमधलं माप मोबाईलमध्ये लिहून ठेवा, नंबरपेक्षा ते जास्त कामाचं आहे. यूके ८ एका कंपनीत २६.५ सेमी असतो तर दुसऱ्या कंपनीत २७, यूएस नंबर आणखी वेगळा, युरोपचा ४२ त्याच्याच आसपास, नुसता ‘आठ नंबर द्या’ म्हटलं की गडबड तिथेच होते. बऱ्याच बुटांच्या जिभेच्या आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर सेमी नाहीतर मिलीमीटरमध्ये आकडा असतो, तो बघायची सवय लावा. आणि दहा वर्षांपूर्वीचा नंबर धरून बसू नका, वयाने, वजनाने, बाळंतपणानंतर पाय लांब-रुंद होतो.

दुकानात

संध्याकाळीच जा आणि सहलीत जे मोजे घालणार तेच सोबत न्या. दुकानातले पातळ नायलॉनचे मोजे घालून बघितलेला बूट घरच्या जाड मोज्यात आवळतो. दोन्ही पायांत बूट घाला, एकच घालून आरशात बघून ठरवू नका. लेस बांधा, उभे राहा, मग बघा:

- पुढे सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी म्हणजे सेंटीमीटरभर जागा राहिली पाहिजे, उभं राहून दाबून बघा.
- बोटं आत हलवता आली पाहिजेत, पियानो वाजवल्यासारखी. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल तर तो बूट ठेवून द्या.
- चालताना टाच वर उचलली जाता कामा नये, अगदी किंचित हलली तर चालेल.
- वरचं कापड करंगळीपाशी ताणून बाहेर फुगलेलं दिसत असेल तर बूट अरुंद आहे.

दुकानात गालिचा नाहीतर गुळगुळीत फरशी असते, त्यावर सगळंच छान वाटतं, म्हणून पायरी असेल तर दोन-चारदा चढ-उतर करा, उतरताना अंगठा पुढं आपटतो का ते बघा. लाजू नका, दहा मिनिटं लागू द्या. आपल्याकडचा दुकानदार हमखास म्हणेल, ‘ताई, दोन दिवस घाला, लूज होईन.’ चामड्याचा असेल तर थोडा होतो, ते खरंय, पण हल्ली बहुतेक स्पोर्ट शूज जाळीचे नि सिंथेटिकचे असतात, ते दुकानात चावत असतील तर रस्त्यावरही चावणारच. शांतपणे ‘भाऊ, दुसरा दाखवा’ म्हणा.

मग बूट हातात घेऊन तीन गोष्टी करून बघा. पुढचं टोक नि टाच धरून वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे जिथं आपली बोटं वाकतात, मधोमध वाकला तर तळव्याला आधार नाही. मग ओला कपडा पिळतो तसा पिळून बघा, थोडा पिळला जावा, पूर्ण गोल फिरला तर फार लेचापेचा. तिसरं, टाचेच्या मागची भिंत बोटांनी दाबा, ती टणक पाहिजे, सहज चेपली गेली तर टाच इकडेतिकडे होणार. शेवटी उलटा करून सोल बघा. वरचा मऊ भाग फोमचा असतो, ईव्हीए म्हणतात, तो चालताना धक्के घेतो, पण जमिनीला लागणाऱ्या भागावर निदान टाचेला नि चवड्याला रबराचे तुकडे पाहिजेत. नुसता फोम असलेला सोल लवकर झिजतो आणि ओल्या फरशीवर घसरतो, रेल्वे स्टेशनचा पावसाळ्यातला जिना आठवा.

खूप मऊ म्हणजे खूप आरामदायक असं समजू नका. दुकानात गादीवर उभं राहिल्यासारखे वाटणारे काही बूट आठ-दहा किलोमीटरनंतर पायाला थकवतात, कारण प्रत्येक पावलाला पाय सावरून धरावा लागतो. मला मध्यम मऊ बरे वाटतात.

पैशाचं म्हणाल तर नेहमीच्या दुकानात दीड-दोन हजारापासून चांगला जोड मिळतो, पाच-सहा हजाराचाच पाहिजे असं काही नाही. रस्त्यावरच्या फर्स्ट कॉपीच्या नादी मात्र लागू नका, वरून दिसायला सेम असतात पण आतला साचा, गोंद, सोल कशाचाच भरवसा नाही, आणि तुटले तर परक्या शहरात तुटतात. ऑनलाइन घेणार असाल तर रिटर्न किती दिवसांत होतं ते आधी बघा, आणि घरात स्वच्छ फरशीवरच घालून बघा, सोल मळला की परत घेत नाहीत.

कोणता प्रकार

फार डोकं लावू नका. शहरात फिरायला साधे रनिंग किंवा वॉकिंग शूज, जाळीचे, हलके, एवढं बहुतेकांना पुरतं. ट्रेकिंगचे जड बूट गडावर ठीक, डांबरी रस्त्यावर पाय भाजून निघतात. पांढरे चपटे फॅशनचे स्नीकर फोटोत छान दिसतात पण त्यातल्या बऱ्याचशांच्या आत गादीच नसते, संध्याकाळी दोन तास घालायला न्या. कोल्हापुरी, मोजडी, बॅले फ्लॅट, हे दिवसभराच्या चालण्याचे प्रकार नाहीत.

आई, काकू, आजी यांचं वेगळं लिहिते, कारण साडीवर बूट घालायला आपल्याकडे अजून खूप जणींना कसंतरी वाटतं आणि त्यांना जबरदस्ती करून काही होत नाही. हल्ली मुंबईत, अमृतसरला कितीतरी बायका साडीवर, ड्रेसवर स्पोर्ट शूज घालून फिरतात, कोणी वळूनही बघत नाही, हे एकदा त्यांना दाखवा. तरीही नकोच म्हणाल्या तर मागून पट्टा असलेली सँडल घ्या. मागचा पट्टा महत्त्वाचा, कारण नुसत्या चपलेत ती पायातून निसटू नये म्हणून बोटं सारखी आकसून धरावी लागतात, दिवसभर तेच केलं की रात्री तळवा नि पोटरी दोन्ही दुखतं. पुढे, वरून आणि मागे असे तिन्ही पट्टे वेलक्रोने कमी-जास्त होणारे बघा, सूज आली की सैल करता येतात. तळाला थोडा खोलगट आकार पाहिजे, टाच बसेल असा, आणि टाच पुढच्या भागापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच उंच, हील नको.

मोजे

बुटांवर दोन हजार घालतात आणि मोजे स्टेशनबाहेरून पन्नासला तीन जोड. पूर्ण कॉटनचा मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो, ओली कातडी मऊ पडते, घासली की फोड. त्यापेक्षा कॉटनमध्ये पॉलिएस्टर-नायलॉन मिसळलेले स्पोर्ट सॉक्स बरे, घाम बाहेर टाकतात, लवकर वाळतात, रात्री लॉजवर धुतले तर पंख्याखाली सकाळपर्यंत तयार. बोटांपाशी जाड शिवण नसलेले बघा. उंची बुटाच्या कडेपेक्षा वर पाहिजे, ते न दिसणारे छोटे मोजे चालता चालता टाचेखाली जमा होतात. दिवसाला दोन जोड धरा, एक पायात नि एक पिशवीत, दुपारी जेवायला बसलात की बदला. एवढ्या एका गोष्टीने उरलेला अर्धा दिवस सुखाचा जातो, खरंच करून बघा.

घेतल्यानंतरचा महिना

चैत्रात आपल्याकडून सप्तशृंगी गडावर पायी जाणारे बघा, नाहीतर मुक्ताईनगरहून आषाढीसाठी महिनाभर चालत पंढरपूरला जाणारे वारकरी बघा, त्यातले जुनेजाणते लोक नवी कोरी चप्पल घालून कधीच निघत नाहीत, पायाला ओळखीची झालेलीच घालतात. आपल्यालाही तेच करायचंय.

पहिले तीन-चार दिवस घरातच तास-दोन तास घाला. मग भाजी बाजार, बँक, असं बाहेर. नंतर एक दिवसाआड ठरवून चाला, जळगावात असाल तर मेहरूण तलाव आहेच, धुळ्याला पांझरेच्या काठाने, नाहीतर गावाबाहेरचा डांबरी रस्ता. उन्हाळ्यात अर्थातच सकाळी लवकर, आठनंतर नको. सुरुवात दोन-तीन किलोमीटर आणि दर आठवड्याला थोडं वाढवत सहा-सात किलोमीटरपर्यंत न्या, यात बूटही सरावतो आणि पायही, दोन्ही लागतं. कुठे लाल होतंय, कुठे घासतंय ते घरी येऊन बघा. दर वेळी एकाच जागी लागत असेल तर ती जागा आत्ताच कळली हे चांगलं झालं, लेस बदलून बघा, नाहीच जमलं तर दुसरा जोड घ्यायला वेळ हातात आहे.

जमलं तर निघायच्या पंधरा दिवस आधी एक रंगीत तालीम अजिंठ्याला करा. जळगावपासून साठेक किलोमीटर, एका दिवसात होतं, सोमवारी बंद असतं तेवढं बघून जा. तिथं सगळंच आहे, चढ, दगडी पायऱ्या, खडबडीत नि गुळगुळीत दगड, तासन् तास उभं राहून बघणं, आणि चित्रांच्या लेण्यांमध्ये शिरताना बूट काढणं-घालणं. सहलीला जी पाठीवरची बॅग नेणार तीच पाण्याच्या बाटलीसकट घेऊन जा. चार-पाच तासांनी पाय ठीक असतील तर जयपूर, दिल्लीलाही ठीक राहतील.

लेस

लेस एकदा बांधून कायमची गाठ मारून ठेवायची आणि बूट चपलेसारखा पायात सरकवायचा ही आपली सवय, यानेच टाचेची मागची भिंत चेपते. प्रत्येक वेळी सोडा, टाच मागे ठोकून बसवा, मग खालून वर आवळत या. चवडा रुंद असेल तर खालच्या, बोटांकडच्या दोन-तीन भोकांत लेस फुलीसारखी न घालता त्याच बाजूने सरळ वर न्या आणि तिथं सैल ठेवा. टाच उचलली जात असेल तर सगळ्यात वर जे एक जादा भोक असतं ना, जे बहुतेक जण रिकामं सोडतात, ते यासाठीच असतं. लेसचं टोक त्याच बाजूच्या त्या वरच्या भोकात बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या, दुसऱ्या बाजूलाही तसाच, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून काढून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. रात्रभर गाडीत बसून पाय जड झालेले असतात तर सकाळी उतरताना लेस सैल बांधा, दुपारी पुन्हा एकदा ॲडजस्ट करा.

देवळं, दर्गे आणि बूट काढायच्या जागा

आपल्या सहलीत एक-दोन देवळं असतातच. अमृतसरला सुवर्ण मंदिरात जोडे जोडाघरात जमा करायचे, मोजेही काढायचे, आत शिरताना पाण्यातून पाय धुऊन जायचं आणि मग सगळी परिक्रमा संगमरवरावरून अनवाणी. बाहेर आल्यावर ओल्या पायावर तसेच मोजे चढवले की संध्याकाळी फोड ठरलेला, त्यामुळे छोटा नॅपकिन सोबत ठेवा, बोटांच्या मधून नीट पुसा आणि मगच मोजे. अहमदाबादला महापालिकेचा हेरिटेज वॉक आहे, १९९७ पासून चालतो, सकाळी काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, फिरत जामा मशिदीपाशी संपतो, म्हणजे सुरुवातीलाही नि शेवटीही बूट काढायचे. सुरतमार्गे आपल्याला अहमदाबाद सोपं आहे म्हणून मुद्दाम सांगितलं, फार सुंदर फिरणं आहे. ताजमहालला मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर बूट काढा नाहीतर कव्हर चढवा, शुक्रवारी बंद असतो.

ज्या दिवशी अशा जागा जास्त असतील त्या दिवशी इलॅस्टिकच्या लेस किंवा पट्ट्याची सँडल सोयीची. सोबत एक कापडी पिशवी ठेवा, जिथं चालतं तिथं बूट पिशवीत घालून आपल्याजवळच, हरवायची भीती नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी संगमरवर किंवा दगडी अंगण चटके देतं, ही ठिकाणं सकाळी नाहीतर संध्याकाळी ठेवा.

पाऊस

जून ते सप्टेंबर मुंबईला जात असाल तर चामड्याचे बूट घरी ठेवा. जाळीचे भिजतात पण वाळतातही, वॉटरप्रूफ बुटात एकदा वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं. रबरी सोलची, पट्ट्याची सँडल बरी. फक्त पायावर जखम, भेगा, फुटलेला फोड असेल तर साचलेल्या पाण्यात उघडा पाय घालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) धोका असतो, पाण्यातून जावंच लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भिजलेले बूट रात्री सुकतळी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, तासाभराने बोळे बदला, हीटरपाशी नाहीतर कडक उन्हात ठेवलं तर गोंद सुटतो.

पायाचीही तयारी करा

नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. टाचेला भेगा असतील, आपल्याकडच्या कोरड्या हवेत असतातच, तर पंधरा दिवस आधीपासून रोज रात्री पाय कोमट पाण्यात धुऊन युरिया असलेलं क्रीम लावा आणि मोजे घालून झोपा. ब्लेडने तासायला जाऊ नका. कुरूप असेल तर आधीच डॉक्टरांना दाखवून घ्या.

पिशवीत मायक्रोपोरची पट्टी, छोटी कात्री, थोडी व्हॅसलीन एवढं ठेवा. फोड येण्याआधी त्या जागी गरम वाटतं, चुरचुरतं, तेव्हाच थांबायचं, ‘हॉटेलवर गेल्यावर बघू’ नाही. तिथंच कट्ट्यावर बसा, मोजा काढा, कोरडं करा, सुरकुती न पडू देता पट्टी लावा. आलाच फोड तर फोडू नका, वरची कातडी काढू नका, झाकून ठेवा.

आणि घरात कोणाला शुगर असेल तर हे नीट वाचा. डायबेटीसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, बूट चावतोय हे कळतच नाही, संध्याकाळी रक्त दिसतं तेव्हा कळतं आणि मग जखम भरायला महिने लागतात. अशा माणसाने निघण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत, बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा-काटा बघावा, फिक्या रंगाचे मोजे घालावेत म्हणजे डाग लगेच दिसतो, गरम फरशीवर अनवाणी चालू नये. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी बघायचे, सुनेने, मुलाने, नातवाने, मोबाईलचा टॉर्च लावून. दोन मिनिटांचं काम आहे, प्लीज टाळू नका.

सकाळी उठल्यावर पहिल्या दोन-चार पावलांना टाच जबरदस्त दुखत असेल आणि मग कमी होत असेल तर तो बहुतेक तळव्यातल्या, टाचेला जोडलेल्या जाड पडद्याचा त्रास (प्लांटर फॅसायटिस) असतो, तो नव्या बुटाने आपोआप जाईल असं धरून निघू नका, आधी दाखवा.

जोड किती न्यायचे

दोन. एक बूट, एक सँडल, बस. जड ते पायात घालून गाडीत चढा, हलकं बॅगेत. एक दिवसाआड बदलता आलं तर उत्तमच, आतला घाम वाळायला वेळ मिळतो आणि रोज एकाच जागी दाब येत नाही. पोरांचे बूट वर्षभर पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, ती पळतात, अडखळतात नि पडतात.

परत आल्यावर बूट तसेच डब्यात घालून माळ्यावर टाकू नका. सुकतळी काढून वाळवा, सोल ब्रशने झाडा आणि अधूनमधून वापरत राहा, कारण काही बुटांचे सोल पीयूचे (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) असतात, ते न वापरता वर्षानुवर्षं ठेवले तर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतात, वरून नवेच दिसतात आणि पुढच्या सहलीत पहिल्याच दिवशी सोलचा भुगा होऊन खाली पडतो. माळ्यावर असा जुना जोड असेल तर नेण्याआधी सोल अंगठ्याने जोरात दाबून बघा, चिकट लागला किंवा तुकडा निघाला तर तो न्यायचाच नाही.